निबंध कुणी लिहिला, हे यंत्राला कसं कळतं?

लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढं वाचलं, की पुढचा मजकूर न बघता सांगता येतो. निबंध विद्यार्थ्याचा की ‘एआय’चा, हे ओळखू पाहणारी यंत्रणा बरीचशी याच जोरावर चालते. वाचता वाचता ती पुढचा शब्द ताडते. अंदाज सारखे बरोबर यायला लागले, की तिला संशय येतो. कारण चॅटजीपीटीसुद्धा सहसा पुढे येण्याची शक्यता जास्त असलेले शब्दच निवडत जातो. माणूस मात्र ‘पाऊस’नंतर ‘पडला’ न लिहिता ‘कंटाळला’ लिहून बसतो.

गोची अशी, की परकी भाषा जपून लिहिणाराही ठरलेलेच शब्द वापरतो. 2023मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या ‘टोफेल’ परीक्षेतले निबंध अशा यंत्रणांना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक ‘यंत्रलिखित’ ठरले. लिहिले होते सगळे माणसांनीच!

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं त्याच वर्षी हिशेब मांडला. वर्षाला 75,000 पेपर. चूक अवघी 1 टक्का धरली, तरी 750 पेपरांवर नाहक आळ. त्यांनी नक्कल पकडणाऱ्या ‘टर्निटिन’ या सॉफ्टवेअरमधली एआय ओळखण्याची सोय बंदच केली.

मग परीक्षा घ्यायची कशी? सिडनी विद्यापीठानं दोन मार्गिका आखल्या: एकीत देखरेखीखाली परीक्षा, दुसरीत एआय खुशाल वापरा. तोंडी परीक्षा पहिलीत बसते. आपल्याकडच्या सायन्सवाल्यांना ती नवी नाही. बाहेरून आलेले परीक्षक जर्नल उघडतात, एका आलेखावर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘हा बिंदू कुठून आणलास?’