परक्या क्रांतीतली माणसं : लेखांक ६ – रिटनबर्ग यांची सोळा वर्षे

गेल्या लेखांकात आपण पाहिलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, पोचले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी चीनच्याच भूमीवर वारले. कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर यायला तेव्हा सात वर्षे अवकाश होता. कोटणीसांच्या निष्ठेवर संशय घेण्याची वेळच कुणावर आली नाही. सिडनी रिटनबर्ग या अमेरिकन माणसाची कथा त्या टप्प्याच्या पुढची आहे. १९४५ ते १९८० अशी जवळपास पस्तीस वर्षे ते चीनमध्ये राहिले आणि त्यांतली सुमारे सोळा वर्षे, ज्या पक्षाचे ते सभासद होते त्याच पक्षाच्या तुरुंगात, एकांतकोठडीत काढली. त्यांच्याविषयी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : हा माणूस भाबडा होता की आंधळा भक्त? हा प्रश्न मला अपुरा वाटतो, कारण तो सगळा शोध एका माणसाच्या स्वभावात घेतो. माझे म्हणणे वेगळे आहे. क्रांतीतली परक्याची जागा त्याच्या निष्ठेने ठरतच नव्हती. ती पक्षाच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधांवर आणि आतल्या गटबाजीवर ठरत होती. निष्ठा सिद्ध केली की जागा पक्की होईल, असे समजून रिटनबर्ग जे करत गेले त्यातच त्यांचे सर्वांत मोठे नुकसान झाले.

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनचा हा तरुण अमेरिकन सैन्यात चिनी भाषा शिकला आणि महायुद्धाच्या अखेरीस कुनमिंगला आला. तिथे सैन्याच्या ट्रकखाली सापडून एका रिक्षा ओढणाऱ्याची मुलगी मेली होती. नुकसानभरपाईचे ते प्रकरण रिटनबर्ग यांच्याकडे आले. मुलीच्या जिवाची किंमत ठरली २६ डॉलर. त्यातलेही काही पैसे त्या बापाने मदतीबद्दल आभार म्हणून रिटनबर्ग यांच्याच हातावर ठेवले. जुना चीन किती खोलवर मोडला आहे हे त्यांना तिथे कळले. १९४६ मध्ये ते येनानला गेले, शिन्हुआ वृत्तसंस्थेत इंग्रजीचे काम करू लागले आणि शिखर नेतृत्वाच्या संमतीने पक्षाचे सभासद झाले. जानेवारी १९४९ मध्ये, विजय हाताशी आलेला असताना, त्यांना हेर म्हणून अटक झाली. याच सुमारास अमेरिकन लेखिका ॲना लुईस स्ट्राँग यांनाही मॉस्कोत हेर ठरवून पकडले होते आणि रिटनबर्ग यांचे नाव त्याच प्रकरणाशी जोडले गेले. कोठडीचे पहिले वर्ष त्यांनी अंधारात काढले. १९५५ मध्ये मॉस्कोने स्ट्राँग यांच्यावरचा आरोप मागे घेतला आणि काही आठवड्यांतच पेकिंगमध्ये रिटनबर्ग सुटले. पक्षाने माफी मागितली, सभासदत्व परत दिले. अटक आणि सुटका या दोन्हींचा त्यांच्या वागण्याशी काही संबंध नव्हता. तुरुंगात गेलेला माणूस आणि बाहेर आलेला माणूस एकच होता; बदलले होते ते मॉस्को.

इतके झाल्यावर कुणीही मायदेशाची वाट धरली असती. रिटनबर्ग थांबले, आणि पूर्वीपेक्षा अधिक कडवे होऊन थांबले. हे समजून घ्यायला त्या काळच्या परदेशी तज्ज्ञांची स्थिती पाहावी लागते. त्यांना चिनी सहकाऱ्यांहून कितीतरी जास्त पगार, वेगळी घरे आणि खास सोयी मिळत. मात्र राजकीय बैठकांची दारे त्यांना बहुधा बंद असत. सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर, ऑगस्ट १९६६ मध्ये, जोन हिंटन, सिड एंग्स्ट आणि आणखी दोघी अमेरिकन स्त्रियांनी मोठ्या अक्षरांचे भित्तिपत्रक लावून याचा जाब विचारला : आम्हाला वेगळे का वागवता, हे लाड नकोत, आम्हाला चिनी कामगारांसारखेच वागवा. माओंनी सप्टेंबरमध्ये त्याला अनुकूल शेरा दिला. ही मागणी मनापासूनची होती, यात मला शंका नाही. त्या उत्साहात रिटनबर्गही उतरले. एप्रिल १९६७ मध्ये पक्षाच्या मुखपत्रात त्यांचा लेख छापून आला. ते सभांमधून भाषणे देत होते, ते काम करत त्या पेकिंग नभोवाणीतल्या बंडखोर गटाचे वजनदार पुढारी बनले होते. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले त्या सहकाऱ्यांच्या जाहीर छळाला त्यांनी साथ दिली. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी साडेनऊ वर्षांहून अधिक काळ गेला. सुटका झाली नोव्हेंबर १९७७ मध्ये, माओ वारल्यानंतर आणि सांस्कृतिक क्रांती चालवणाऱ्या ‘चौकडी’चा पाडाव झाल्यानंतर.

यावर पहिला आक्षेप असा की, सांस्कृतिक क्रांतीत चिनी माणसांचे हाल कितीतरी पटींनी अधिक झाले. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची कैदेत उपचारांवाचून मेले, मग एका अमेरिकनाच्या कोठडीचे एवढे काय? आक्षेप रास्त आहे आणि संख्येच्या हिशेबात त्याला उत्तर नाही. पण इथे प्रश्न कोणाला जास्त सोसावे लागले हा नाही. पत्रकार इस्रायल एपस्टाइन १९५७ पासून चीनचे नागरिक होते, तरी पाच वर्षे तुरुंगात राहिले. स्पेनच्या यादवीत लढलेले ब्रिटिश कम्युनिस्ट डेव्हिड क्रुक यांचीही तीच गत झाली. नागरिकत्व, पक्षसभासदत्व, युद्धातला इतिहास, यांतले काहीच कामी आले नाही. आणि १९७३ च्या महिलादिनाच्या समारंभात पंतप्रधान झाऊ एनलाय यांनी परदेशी मित्रांची माफी मागितली ती केव्हा? निक्सन पेकिंगला येऊन गेल्यानंतर, चीनला बाहेरच्या जगाची गरज भासू लागली तेव्हा. रिटनबर्ग यांची कोठडी मात्र तेव्हाही उघडली नाही, कारण ते आतल्या गटबाजीत अडकले होते.

दुसरा आक्षेप डॉ. मा हायदे यांच्या उदाहरणाचा. मूळचे जॉर्ज हातेम, अमेरिकेतल्या बफेलोचे. १९३६ मध्ये पत्रकार एडगर स्नो यांच्याबरोबर कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या लाल प्रदेशात गेले, पुढे चीनचे नागरिक झाले, गुप्तरोग आणि कुष्ठरोगाच्या निर्मूलनासाठी आयुष्यभर झटले आणि १९८८ मध्ये वारले. त्यांना कैद झाली नाही. या उदाहरणाने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट नेमके होते. कुष्ठरोग्याला बरे करणारा डॉक्टर कोणत्याही गटाला हवाच असतो. रिटनबर्ग यांचे काम शब्दांचे होते, आणि शब्द कुणाच्या तरी बाजूने असतातच.

युद्धकाळात सगळीच राज्ये परक्यांवर संशय घेतात, असेही कुणी म्हणेल. १९६२ च्या भारत-चीन युद्धात आपणच चिनी वंशाच्या हजारो भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले होते. तो अन्याय होता आणि त्याची पुरेशी भरपाई आजही झालेली नाही. पण भारतीय राज्याने देवळीतल्या माणसांना जगभरच्या कामगारांच्या बंधुत्वाचे वचन दिलेले नव्हते. पेकिंगने दिले होते, आणि त्या वचनावर विसंबूनच ही माणसे घरदार सोडून आली होती.

आता राहिला रिटनबर्ग यांच्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न. वरच्या विवेचनाने ती पुसली जात नाही. १९६७ मध्ये सहकाऱ्यांशी ते जसे वागले ती त्यांची करणी होती आणि पुढे आत्मकथनात त्यांनी ती कबूलही केली. पण कडवेपणाने जागा पक्की होते, हा त्यांचा समज किती पोकळ होता याचा पुरावा त्यांच्या घरातच होता. पत्नी वांग युलिन जन्माने चिनी. नवऱ्याविरुद्ध जबाब द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना श्रमछावणीत धाडले गेले. ज्या संशयातून रिटनबर्ग स्वतःला सोडवू पाहत होते, तो त्यांच्यामुळे पत्नीलाही चिकटला होता. १९८० मध्ये दोघांनी बरोबरच चीन सोडला.