कोबा कोरडा दिसतो, पण असतो का?

हार्डवूडच्या माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी कोब्यावर नुसता हात फिरवला, कोरडा वाटला, आणि ग्लू लावायला घेतला. पावसाळा लागला तशा फळ्यांच्या कडा वर आल्या. सगळं उखडून परत केलं. नफा गेलाच, वर घरचे पैसे घातले.

काँक्रीट 28 दिवसांत ताकद धरतं, वाळत नाही. पाणी मारणं थांबल्यावर इंचाला साधारण महिना धरा. म्हणजे चार इंची कोब्याला चार महिने! तळमजल्यावर तर खालून ओल येतच राहते, तिथे ओल अडवणारा कोट लागतोच.

आता मी दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवतो आणि किमान 16 तास ठेवतो. खाली घाम दिसला की काम बंद. नाही दिसला तरी मॉइश्चर मीटर लावतोच. रीडिंग ग्लूच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत हवं.

मग पाण्याचा थेंब टाकायचा. मोत्यासारखा तसाच राहिला तर ग्लू धरणार नाही, ग्राइंडिंग करा. दहा फुटी पट्टीखाली 5 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर उंचवटा घासा, खड्डा लेव्हलिंग कंपाउंडने भरा.

कोटेशनमध्ये या तयारीची वेगळी ओळ टाका, रेटसकट. गिऱ्हाईक म्हणतंच, "दादा, एवढं फ्रीमध्ये करा ना." मी प्लास्टिकखालच्या घामाचा फोटो दाखवतो. तरी नाही पटलं, तर ते काम मी सोडतो.