एंजिनातील ‘टिकटिक’ : एका अनुकरणवाचक शब्दाचे निदानमूल्य

मोटारीचे एंजिन आवाज करू लागले म्हणजे तो आवाज कारागिराच्या कानी पडण्यापूर्वी मालकाने त्यासाठी योजलेला शब्द त्याच्यापर्यंत पोचतो. टिकटिक, टकटक, ठकठक, फटफट ह्या शब्दांची नोंद अनुकरणवाचक म्हणून करून आपण पुढे जातो. परंतु अशा एखाद्या शब्दावर दुरुस्तीची दिशा, क्वचित एंजिनाचे आयुष्यही, अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखकाला यवतमाळ येथे स्वतःच्या जुन्या मोटारीच्या निमित्ताने कळून आले.

सकाळी गाडी सुरू करताच एंजिनातून बारीक, नियमित आवाज येऊ लागला. आम्ही त्याला ‘टिकटिक’ म्हटले. ज्या कार्यशाळेत प्रथम गाडी नेली तेथे हा शब्द ऐकताच ‘टॅपेट ढिले झाले’ असा निर्णय झाला. हा निर्णय निराधार नव्हता. एंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हची दांडी ह्यांच्या दरम्यान किंचित मोकळी जागा ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू लांबतो. ही जागा मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतकीच असते. झिजेने ती वाढली की दर वेळी व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी धातूवर धातू आपटतो. कॅमशाफ्टची गती क्रँकशाफ्टच्या निम्मी असते. म्हणून एंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असता एका व्हॉल्व्हचे ठोके ४०० पडतात, म्हणजे सेकंदाला सहा ते सात. इतके ठोके मोजता येत नाहीत, पण वेगळे ऐकू येतात. शिवाय ते पातळ पत्र्याच्या झाकणाखालून येत असल्यामुळे त्यांचा स्वर उंच असतो. ‘टिकटिक’मधील ‘इ’ हा स्वर म्हणूनच अगदी यादृच्छिक नाही. एडवर्ड सपीर ह्यांनी १९२९ साली ‘मिल’ आणि ‘माल’ ह्या कृत्रिम शब्दांचा प्रयोग केला, तेव्हा बहुतेकांनी ‘इ’ची सांगड लहान वस्तूशी घातली होती. एंजिनाच्या तळातून, कनेक्टिंग रॉडच्या झिजलेल्या बेअरिंगमधून येणाऱ्या जड घावाला कोणी ‘टिकटिक’ म्हणत नाही. त्याला महाप्राण ‘ठ’ लागतो, ‘ठकठक’. आणि असा घाव ऐकू आल्यास गाडी पुढे न चालवणे हेच श्रेयस्कर.

मात्र आमचा शब्द चुकला होता. टॅपेट आवळून घेतले तरी आवाज राहिलाच, आणि गाडीचा जोर मात्र कमी झाला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे : ढिल्या टॅपेटपेक्षा अति आवळलेले टॅपेट अधिक घातक. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकला नाही तर त्याची उष्णता बैठकीत उतरत नाही आणि, विशेषतः एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, जळतो. तो जळेपर्यंत आवाज काहीच होत नाही.

दुसऱ्या मिस्त्रींनी शब्द मागितलाच नाही. त्यांनी विचारले, “सर, आवाज थंड्या गाडीतच येते, का गरम झाल्यावरबी येते?” थंड असतानाच, असे उत्तर देताच ते म्हणाले, “मंग तोंडानं काढून दाखवा.” आम्ही जो आवाज काढला त्यात, आमच्याच ध्यानी आले, ‘ट’पूर्वी ‘फ’ होता. ‘ट’ हा घनावर घन आपटल्याचा ध्वनी. ‘फ’मध्ये कोंडलेली हवा ओठांतून सुटते. मराठीने मोटारसायकलीला ‘फटफटी’ म्हटले ते ह्याच न्यायाने.

निदान पुढे असे झाले. आधी गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळी पाहिली, कारण तेल कमी असल्यासही वरचा भाग वाजतो. मग लांब पेचकसाचे टोक एंजिनावर ठिकठिकाणी टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली. पंखा व पट्टा ह्यांपासून हात दूर ठेवून. टॅपेटच्या झाकणावर विशेष काही नव्हते. इंजेक्टरपाशी बारीक टकटक होती, ती स्वाभाविकच असते. मग एकेका सिलिंडरचे प्रज्वलन क्षणभर तोडले. टॅपेटचा आवाज ह्याने बदलत नाही. आमचा आवाज एका सिलिंडरपाशी मंदावला. असा फरक रॉडच्या घावातही पडतो, म्हणून केवळ ह्या परीक्षेवर विसंबता येत नाही. पण रॉडचा घाव एंजिन तापल्याने जात नाही, उलट तेल पातळ झाल्यावर बहुधा वाढतो. शेवटी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा सापडला. तेथील गॅस्केट जळले होते आणि एक नट सैल होता. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटे, आवाज थांबे.

गॅस्केट नवे घालून नट थंड एंजिनावर मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. टॅपेट पुन्हा बसवावे लागले. ॲम्बॅसडर किंवा १९८३ साली आलेली मारुती ८०० ह्यांसारख्या गाड्यांत ही जागा स्क्रूने जुळवता येते : ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत तेथे फिलर गेजची पाती किंचित अडखळत सरकेल इतकी ठेवायची, आणि माप त्या गाडीच्या पुस्तकातलेच घ्यायचे. ज्या एंजिनांत हे काम तेलाच्या दाबाने आपोआप होते तेथे स्क्रू नसतो; सुरू करताच काही क्षण टिकटिक होऊन ती थांबत असेल तर सहसा काळजी नको.

यवतमाळ जिल्ह्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि बंजारा भाषा बोलल्या जातात. अशी द्विरुक्त अनुकरणवाचके आर्य व द्राविड ह्या दोन्ही कुळांत एकाच घडणीची आढळतात, हे कोलामीचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध करणाऱ्या एमेनो ह्यांनी १९६९ मध्ये दाखवले. तेव्हा भिन्न मातृभाषांच्या गिऱ्हाइकांचे असे शब्द मिस्त्रींना परके वाटत नसावेत. आम्ही त्यांना विचारले असता ते म्हणाले की शब्द सगळ्यांचे सारखेच असतात, पण शिकलेली माणसे प्रत्येक आवाजाला टिकटिकच म्हणतात, बहुधा घड्याळामुळे.