तीनच अणू, पण कोठले?

आपल्या गळ्यातील अवटू ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. त्याच्या रेणूत कार्बनची दोन वलये असून प्रत्येकावर आयोडीनचे २ अणू असतात. हा रेणू म्हणजे रक्तातून फिरणारा राखीव साठाच! यकृतासारख्या अवयवांतील विकरे त्याचा एक आयोडीन अणू काढतात. बाहेरच्या वलयावरचा निघाला, तर प्रभावी ‘टी-३’ बनते. ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनी ते १९५२ मध्ये शोधले. पण आतल्या वलयावरचा निघाला तर? अणू तेवढेच ३, तरी रेणू निष्क्रिय! किल्लीचे दात नुसते मोजून भागत नाही. ते योग्य जागी हवेत. आणि आयोडीनच मिळाले नाही, तर किल्ली घडणार कशी? म्हणून तुमच्या घरच्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिले आहे का, ते आजच पाहा.