पुरोहित घडवायचा कोणी?

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. त्यांच्या कारकिर्दीतील वेदोक्त प्रकरण आपल्याकडे बहुधा मानापमानाची एक कथा म्हणून सांगितले जाते. राजाला वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की नाही, एवढ्यापुरताच तो वाद होता अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. वास्तविक त्या वादाच्या मुळाशी याहून व्यापक प्रश्न होता. धर्मकृत्ये चालविणाऱ्या माणसाला शिकवायचे कोणी, तो लायक असल्याचा निर्वाळा द्यायचा कोणी आणि त्याच्या निर्वाहाची सोय करायची कोणी, हा तो प्रश्न होय. या तीन किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्या हाती धर्मसत्ता. मग ते पीठ असो, राजा असो वा सरकार असो.

१८९९ च्या सुमारास पंचगंगेवर महाराजांच्या कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणले. शूद्रांसाठी पुराणोक्तच पुरेसे, असे पुरोहिताचे उत्तर होते. असाच वाद १८९६ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या बाबतीत झालेला होता. कोल्हापुरात मात्र तो अधिक चिघळला. राजोपाध्ये वेदोक्त विधी करण्यास तयार होईनात, ‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनी १९०१ मध्ये या मागणीवर टीका केली, आणि अखेर मे १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचे वतन जप्त केले. इंग्रज अधिकाऱ्यांकडे केलेल्या अपिलांतही राजोपाध्यांना यश आले नाही.

येथे वतनाचे अर्थकारण ध्यानात घेतले पाहिजे. वतन म्हणजे सेवेचा मोबदला. पण तो पिढीजात झाला की सेवा आणि मोबदला यांचा सांधा निखळतो. बापाचे उत्पन्न मुलास मिळते, बापाची विद्या मिळेलच असे नाही. शिवाय ज्याची सेवा करायची, त्याच्या समाधानाशी उत्पन्नाचा संबंध उरत नाही. सेवेसाठी दिलेले इनाम सेवा नाकारल्यावर ठेवता येणार नाही, ही दरबाराची भूमिका म्हणूनच सूडाची म्हणता येत नाही. ती हिशेबाची होती.

परंतु वतन जप्त केल्याने राजवाड्याचा प्रश्न सुटला, रयतेचा सुटला नाही. राजाला दुसरा पुरोहित नेमता येतो. खेड्यातील कुणब्याला गावजोशीखेरीज गत्यंतर नव्हते, आणि त्याला टाळून लग्न लावले तरी जोशी आपला हक्क मागत असे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहिताविना लग्न लावून दाखविले. पुढे ओतूरच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात धाव घेतली, तेव्हा मुंबई हायकोर्टात निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. मुंबई इलाख्यात या हक्काला कायद्याने पूर्णविराम मिळण्यास मात्र सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने झालेला १९२६ चा कायदा यावा लागला.

मक्तेदारी मोडायची तर दुसरा पुरवठा उभा करावा लागतो, हे कोल्हापुरात ओळखले गेले. १९११ मध्ये तेथे सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. भास्करराव जाधव यांनी ‘घरचा पुरोहित’ लिहून विधी सामान्य कुटुंबाच्या हाती दिले. ब्राह्मणेतर मुलांना पौरोहित्य शिकविण्याचे काम सुरू झाले. १९२० मध्ये शाहू महाराजांनी मराठा पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढले आणि त्याच वर्षी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसविले. शाळेने शिक्षणाची किल्ली घेतली, पीठाने अधिकाराची. आणि निर्वाहाची किल्ली दरबाराकडे होतीच.

या नव्या पीठावर टीका झाली ती केवळ सनातन्यांकडून नव्हे. प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारख्या सुधारकालाही ते रुचले नाही. एक जगद्गुरू नको म्हणून दुसरा जगद्गुरू निर्माण करायचा, तर गुरुबाजी संपली कोठे, हा आक्षेप सहजासहजी उडवून लावता येत नाही. महाराजांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. शेकडो वर्षांची सवय उपदेशाने जात नाही. माणसाला लग्नाला आणि मर्तिकाला कोणीतरी लागतोच, आणि तो आपल्यातला असू शकतो हे आधी दिसावे लागते. तथापि हा सारा डोलारा एका राजाच्या इच्छेवर उभा होता. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. पीठ राहिले, पण गावोगावच्या लग्नमंडपांत त्याची आज्ञा प्रमाण मानली गेली, असे झाले नाही.

युरोपात हाच प्रश्न चारशे वर्षे आधी उभा राहिला होता. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये सर्व श्रद्धावंत हे पुरोहितच होत असा सिद्धांत मांडला. १५२३ मध्ये लाइस्निग या लहान गावाच्या मंडळीला त्याने लिहून कळविले की, आपला धर्मोपदेशक निवडण्याचा आणि त्याला दूर करण्याचाही अधिकार मंडळीला आहे. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्यांत पहिली मागणी हीच ठेवली, आणि दुसऱ्या मागणीत धान्याच्या दशांश करातून त्या उपदेशकाचा निर्वाह चालावा असे म्हटले. निवड आणि निर्वाह यांची सांगड त्या अशिक्षित म्हणविणाऱ्या शेतकऱ्यांनी अचूक घातली होती.

पुढे काय झाले? शेतकऱ्यांचे बंड ल्यूथरच्याच संमतीने रक्तात बुडविले गेले. जुने बिशप नव्या पंथाला उपदेशक देईनात, म्हणून १५३५ मध्ये सॅक्सनीच्या राजाने विटेनबर्ग विद्यापीठातील धर्मशास्त्राच्या अध्यापकांना उमेदवारांची परीक्षा घेऊन दीक्षा देण्यास सांगितले. उपदेशक अधिक शिकलेला निघू लागला, हा लाभ मोठा. परंतु किल्ल्या बिशपाकडून निघाल्या त्या मंडळीकडे न जाता राजाकडे गेल्या, आणि जर्मनीत त्या १९१८ पर्यंत राजांच्या हाती राहिल्या. आपल्या देशातही १७०६ मध्ये तरंगमबाडीस ल्यूथरपंथी मिशनरी उतरले. पहिल्या तमिळ उपदेशकाला, आरोन यांना, दीक्षा मिळाली ती १७३३ मध्ये. समतेचा सिद्धांत सांगणाऱ्यांनाही अधिकार सोपविण्यास सत्तावीस वर्षे लागली.

आपल्याकडील सुधारकांचा कलही राज्यसत्तेकडेच राहिला. बडोदे संस्थानाने १९१५ मध्ये पुरोहितांना परीक्षेचे बंधन घालणारा कायदा केला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त पौरोहित्य वंशपरंपरागत नसावे, ते सर्व हिंदूंना खुले असावे, त्यासाठी सरकारी परीक्षा व सनद असावी आणि पुरोहितांची संख्या कायद्याने मर्यादित असावी, असे सुचविले. वकील आणि डॉक्टर यांना जी कसोटी, ती पुरोहिताला का नको, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आजही तितकाच सबळ आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात पुजाऱ्याची नेमणूक हे लौकिक कृत्य असल्याचे मान्य करून वंशपरंपरेचा हक्क रद्द करणारा कायदा उचलून धरला.

महाराष्ट्रात या दिशेने पडलेली पावले संथ आहेत. पंढरपूरच्या मंदिराबाबत १९७३ मध्ये कायदा झाला. बडवे आणि उत्पात यांचे हक्क निर्विवादपणे संपण्यास सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४ चा निकाल यावा लागला. त्यानंतर मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. कोल्हापुरात २०१७ मध्ये अंबाबाईला घागरा-चोळी नेसविल्यावरून असंतोष उसळला आणि २०१८ मध्ये विधिमंडळाने पगारी पुजारी नेमण्याची तरतूद असलेला कायदा संमत केला. शाहू महाराजांच्या नगरीत राजोपाध्यांच्या वतनानंतर एकशे सोळा वर्षांनी तोच विषय पुन्हा पटलावर आला.

पगारी पुजारी ही सुधारणा आहे यात शंका नाही. उत्पन्न जन्माने न मिळता कामाने मिळेल आणि दानपेटीचा हिशेब राहील. पण पगार म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शाळा, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची व्यवस्था नसेल, तर नेमणुका पुन्हा त्याच घरांतून होतील, कारण विधी येणारी माणसे तेथेच सापडतील. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना आणि कोणत्याही जातीच्या व्यक्तींना पौरोहित्य शिकवून हे काम अशक्य नाही हे दाखविले आहे. जे एक संस्था करते, ते देवस्थानांच्या उत्पन्नातून मोठ्या प्रमाणावर करता येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. वतनदाराच्या जागी सरकारी समिती आली तरी भक्त होता तेथेच राहतो. समितीवरील नेमणुका मंत्रालयातून होणार आणि पुजाऱ्याची मर्जी समितीवर अवलंबून राहणार, तर विटेनबर्गला जे घडले तेच येथे घडेल. परीक्षा विद्वानांनी घ्यावी, पगार देवस्थानाने द्यावा; पण नेमणुकीत आणि तक्रारीच्या निवाड्यात वारकऱ्याला, नवस फेडायला येणाऱ्या बाईला, गावच्या साध्या भाविकाला काही स्थान असले पाहिजे. शाहू महाराजांनी किल्ल्या एका घराण्याच्या हातून काढून घेतल्या. त्या आता सरकारच्या कपाटात ठेवून द्यायच्या की ज्यांच्या दक्षिणेवर देवस्थाने उभी आहेत त्यांच्याही हाती द्यायच्या, हे लोकशाहीला ठरवावे लागेल.