सहल मुरूडची, चक्कर आफ्रिकेपर्यंत

डिसेंबर आला की शाळा-कॉलेजांच्या एसट्या अलिबाग-मुरूडच्या वाटेला लागतात. पोरं भेंड्यांत दंग, सर डोकी मोजण्यात. खिडकीबाहेर काय चाललंय ते मात्र बघण्यासारखं असतं.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून तिची सोय १९०४ मध्ये अलिबागला झाली. शहराला कंटाळून इथे बंगला बांधणाऱ्यांच्या कितीतरी आधी! समोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. मात्र भरतीची वेळ न विचारता गेलात तर डबे किल्ल्यातच सोडावे लागतील.

वाटेतलं चौल पोर्तुगीजांनी १७४० मध्ये सोडलं. कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली मात्र अजून घराघरांत ऐकू येते.

खरी मजा राजपुरीच्या धक्क्यावर. शिडाची होडी जंजिरा किल्ल्याच्या तटाला भिडेपर्यंत दरवाजा दिसतच नाही. दिसला की पंजांखाली हत्ती दाबलेला दगडी वाघ स्वागताला! आत चहूकडे खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचे तलाव, आणि ‘कलालबांगडी’ तोफेशी फोटोसाठी रांग. इथल्या सिद्दी नवाबांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. त्या काळी ये-जा चालायची ती वाऱ्याच्या मर्जीवर. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा गलबतं आफ्रिकेकडे न्यायचा, नैऋत्येचा परत आणायचा. वेळापत्रक आपल्या एसटीपेक्षा पक्कं म्हणायचं. शिवराय-संभाजीराजांना न मिळालेलं जंजिऱ्याचं हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं.

जंजिऱ्यावर वचक ठेवायला शिवरायांनी जवळच पद्मदुर्ग उभारला. तिथे तटाला नाक लावून बघा. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत, मधला चुना तस्साच. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. घडवणाऱ्या गवंड्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, याची चुटपुट लागते.

परतीला फणसाड. नवाबांचं शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. शेकरू दिसलं तर नशीब, पण गारंबीची वेल पळून जात नाही. हातभर लांब शेंगा, आत चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया. या बिया समुद्रात तरंगत लांबलांबचे किनारे गाठतात. पूर्व आफ्रिकेतही ही वेल आहे. एखादी बी खिशात घालायचा मोह होईल. पण अभयारण्यातून काही उचलायचं नसतं, सर बघत असोत वा नसोत.