संरक्षक भिंत : पायात सळई किती गेली, ते काँक्रीट टाकायच्या आधी मोजा

अहिल्यानगर : अकोले, संगमनेर, पारनेर भागात उतारावर घर बांधायचं म्हटलं की आधी संरक्षक भिंत आली. ओढ्याकाठचा रस्ता असो की डोंगराखालची वस्ती, तिथंही तीच. कधी कधी भिंत दिसायला चकाचक असते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पुढं झुकते. मग सिमेंट कमी घातलं म्हणून गवंड्याला बोल लागतो. तेही कारण असू शकतं. पण एक चूक अशी आहे, जी काँक्रीट पडल्यावर कुणालाच दिसत नाही. ती म्हणजे फुटिंगमध्ये सळई कमी लांबीची जाणं.

जुन्या दगडी भिंती स्वतःच्या वजनावर उभ्या असतात. १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं दगडी धरणही पाण्याचा रेटा वजनावरच पेलतं. नऊ इंची आरसीसी भिंतीला तेवढं वजन कुठून येणार? मातीनं ढकललं की ती बुडाशी वाकू लागते आणि मातीकडची बाजू ताणली जाते. ताण घेणं काँक्रीटला जमत नाही, तो मातीकडच्या उभ्या सळया घेतात. म्हणून मुख्य सळई मातीच्या अंगाला हवी. ती बाहेरच्या अंगाला बांधली, तर असून नसल्यासारखी.

रेटा किती असतो? मागं कोरडा मुरूम असेल तर २ मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण १.२ टन. उंची ३ मीटर केली की तोच २.७ टन होतो, आणि बुडाशी वाकवणारा जोर तिपटीहून जास्त. मागं पाणी तुंबलं तर रेटा दुपटीच्या वर जातो.

आता बैलाचा खुंटा आठवा. दावं कितीही मजबूत आणा, खुंटा वीतभरच ठोकला असेल तर बैल तो उपटून नेणार. सळईचंही तसंच आहे. ती तुटायच्या आधी काँक्रीटमधून निसटू नये, यासाठी जेवढी लांबी आत पुरावी लागते, तिला अभियंते ‘डेव्हलपमेंट लेंथ’ म्हणतात. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात तिचं सूत्र आहे : सळईचा व्यास गुणिले सळईतला ताण, भागिले काँक्रीटच्या पकडीची चौपट.

१२ मिमीची, म्हणजे चार सुती सळई घेऊ. एफई ५०० सळईचा ताण ४३५ धरतात. एम २० काँक्रीटची पकड १.२, सळईवर आट्या असल्यानं ती ६० टक्के वाढवून १.९२. म्हणजे १२ × ४३५ ÷ (४ × १.९२) = ६८० मिमी. सव्वादोन फूट! १० मिमीला साधारण ५७० आणि १६ मिमीला ९१० मिमी लागते. एम २५ काँक्रीट असेल तर १२ मिमीला ५८५ पुरते.

इथं एक गंमत आहे. दुकानदार ‘जास्त ताकदीची’ म्हणून एफई ५५० सळई देतो, आणि ती कमी नाही, जास्त पुरावी लागते, अंदाजे ७५० मिमी. दावं जाड झालं, तर खुंटाही खोल हवा.

फुटिंग ४०० मिमी जाड असेल तर खालचं ५० मिमी कव्हर सोडून ३५० उभे मिळतात. उरलेले ३३० मिमी सळई ‘एल’ आकारात वाकवून आडवी न्यायची. वाकवायची दिशा नकाशात दाखवलेली असते, तीच ठेवायची. बाकाची वेगळी सूट मानकात आहे, पण साइटवर तिच्या भरवशावर लांबी न कापलेली बरी.

दुसरी चूक जोडाची. फुटिंगमधून दीड फुटाची सळई वर सोडायची आणि भिंतीची सळई तिला तारेनं बांधायची, ही पद्धत सर्रास दिसते. १२ मिमीला हा जोड पाऊण फुटानं कमी पडतो, आणि तोही नेमका सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. २ मीटरच्या भिंतीला जोड हवाच कशाला? ३५०, ३३० आणि वरचे २ मीटर मिळून २.६८ मीटर होतात. बाजारात सळई १२ मीटरची येते. तिचे ३ मीटरचे चार तुकडे होतात, वायाही फारसं काही जात नाही.

सळईवर सुटा गंज, चिखल, ऑइल असेल तर पकड ढिली पडते. तारेच्या ब्रशनं घासून घ्यावी. पाणी जायला भिंतीत पाइप आणि त्यामागं खडीचा थर हवाच. नेवासे, शेवगाव, राहुरीकडच्या काळ्या मातीत मात्र वरचे रेट्याचे आकडे चालत नाहीत, कारण ती फुगते. तिथं, आणि उंची २ मीटरच्या पुढं असेल तिथं कुठंही, अभियंत्याकडून डिझाइन करून घ्यावं.

घरचं काम असो वा ग्रामपंचायतीचं, फुटिंग भरायच्या आदल्या दिवशी सळईला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. टेपवरचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून.